रामनाथमामाचा अर्धा व्यायाम

वळ गावच्या रामनाथची जमीन गोडाऊनला गेली, दारात गाडी आली आणि त्याच्या पायांची ड्युटीच संपली. घरासमोरच्या टपरीवर पान खायलासुद्धा तो गाडी काढतो. त्याची गाडी वळेपर्यंत मी पान खाऊन घरी परततो. शेजारी आहे म्हणून सांगतो.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या पोरीचं, पूर्वाचं, लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीला मामा उचलून मांडवात आणतो. पूर्वाचा बाप गेला तेव्हा रामनाथने शब्द दिला होता, "ताई, पोरीला बापाची उणीव भासू देणार न्हाय." आता पोरगी अंगापिंडाने चांगली भरलेली, आणि मामाला चपलेचा पट्टा लावायला वाकलं तरी घाम. तरी हट्ट एकच, मीच उचलणार.

डॉक्टर म्हणाले, "वजनं उचला, ताकद येईल. पण रोज भरभर चालासुद्धा, नाहीतर दम पुरायचा नाही. दोन्ही पाहिजे." रामनाथने सोयीचं तेवढं ऐकलं. धामणकर नाक्यावरच्या जिममध्ये नाव घातलं. भाविक नावाचा तिथला ट्रेनर त्याला ट्रेडमिलकडे नेऊ लागला की हा उखडायचा. "पैसे देऊन चालायचं, आन् पोचायचं कुठंच न्हाय?"

त्याची बायको सुवर्णा रोज पहाटे फिरायला जाते. तिने "चला की माझ्यासंगं" म्हटलं, की याचं उत्तर ठरलेलं, "ज्याच्या दारात गाडी न्हाय त्यानं चालावं."

वजनं मात्र इमानाने उचलली हो. अंगणात तांदळाची गोण उचलून दाखवायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. तिथेच आमचं चुकलं. गडी फुगला. लग्नाला लॉन घ्यायचं तर अंबाडी रोडवरचं सगळ्यात मोठं, आणि नवरीच्या अंगावर सोनं तर बघणाऱ्याने बघतच राहावं, असं मामाने फर्मान काढलं. आपणच वजन वाढवतोय आणि आपणच वाट लांबवतोय, हे काही त्या डोक्यात शिरलं नाही.

लग्नादिवशी त्याने पूर्वाला एका झटक्यात उचललं. बँड लागला. गालिच्याच्या मध्यावर मामा थांबला. हात भक्कम होते, पण छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली, आणि स्टेज अजून लांब. बँडवाल्यांना वाटलं मामाला नाचायचंय, त्यांनी हळदीचं गाणं धरलं.

"मामा, ठेव मला खाली," पूर्वा कुजबुजली.

"न्हाय."

ताईचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात सुवर्णा पुढे आली. बँडवाल्यांना दटावून गप्प केलं आणि नवऱ्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालू लागली. "माझ्याकडं बघा. श्वास घ्या. सोडा. आता पाऊल टाका." ती मागे मागे, हा पुढे पुढे. अख्खा मांडव त्यांच्याबरोबर श्वास घेऊ लागला, मीसुद्धा. भटजी मुहूर्त टळतोय म्हणून घड्याळ बघत होते, त्यांना कोणी विचारलं नाही.

पूर्वाला पाटावर उभं केलं आणि रामनाथ खुर्चीत कोसळला. खांदे गदगदत होते. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा वळवला. जेवायला आलेला भाविक म्हणाला, "काका, थोडं चालला असता तर..." मी त्याला गुलाबजामकडे पिटाळलं.

ताई धावत आली. "लई दम लागला का रे?"

"दम कवाच बसला, ताई," रामनाथ म्हणाला. "रडतोय मी. आज भावोजी पायजे होते."