कंपनीच्या गादीचं पंक्चर

शाळेचं तोंड जेमतेम चार वर्षं पाहिलेल्या या माणसाला सगळा रस्ता मास्तर म्हणायचा, आणि उगीच नाही म्हणायचा. पंक्चर काढण्यात मास्तरांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. ट्यूब पाण्यात बुडवायच्या आधीच ती गालाजवळ फिरवून भोक कुठे आहे ते सांगत. गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावून पॅच असा बसवत, की ट्यूब दुसरीकडे फुटेल पण तिथे फुटायची नाही. स्वभाव तिरसट, काम चोख.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झाला आणि बाई अंथरुणाला खिळल्या. पडून पडून कंबरेच्या खाली जखम झाली, चांगली बशीएवढी. ड्रेसिंगला येणारी नर्स म्हणाली, "काका, साध्या गादीवर ही भरायची नाही. उलट आत आत जाईल." मग लांब नोकरीला असलेल्या मुलीने पोटाला चिमटा काढून महागडी हवेची गादी पाठवली. पलंगाखाली मोटर, हातात रिमोट. आकडा वाढवला की गादी कडक, उतरवला की मऊ. बाईंना पस्तीसचा आकडा मानवला. तीन महिन्यांत जखम नाण्याएवढी उरली.

मास्तरांना मात्र ते धूड पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होतं. जन्मभर हवा आपण भरली आणि आपल्याच घरात हवा भरायला हे डबडं यावं, म्हणजे काय.

एका सकाळी बाई म्हणाल्या, "अहो, पाठीला फळी लागतेय." आकडा अकरावर आला होता. बटण दाबलं की गादी फुगायची, दोन तासांत पुन्हा बसायची. मुलीने कंपनीकडे तक्रार नोंदवली. माणूस आठ दिवसांनी येणार होता. "तोवर दर दोन तासांनी हवा भरत राहा," ती फोनवर म्हणाली, "आणि बाबा, तुम्ही तिला हात लावू नका हं. हात लावला की गॅरंटी गेली."

तीन दिवस मास्तरांनी इमानेइतबारे बटण दाबलं. दुकान बंद, झोपेचं खोबरं, पण जखम होती तेवढीच राहिली. चौथ्या दुपारी बाई हसून म्हणाल्या, "गावभरच्या ट्यूबा भरता, आणि घरची गादी कंपनीची वाट बघत पडते होय?" थट्टाच होती ती. मास्तरांना तेवढी पुरली.

त्यांनी बाईंना शेजारच्या खाटेवर निजवलं, गादीचं कव्हर काढलं, साबणाचा फेस केला. मोटरचा पाईप जिथे गादीला जोडला होता, त्याच्या लगतच्या शिवणीवर बुडबुडे आले. "सापडला चोर," मास्तर म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता. सवयीप्रमाणे त्यांनी ती जागा कानशीने घासली. ट्यूब घासावीच लागते, नाहीतर सोल्यूशन धरत नाही. पण ट्यूबचं रबर जाड असतं, हे कसलं तरी पातळ प्लॅस्टिक. सोल्यूशन लागताच ते आक्रसलं, आणि मास्तरांचं बोट आरपार गेलं.

मग पॅचवर पॅच. एकही धरेना. आता गादी दोन तास सोडा, दोन मिनिटंही हवा ठेवत नव्हती. बाई खाटेवरच्या साध्या गादीवरच राहिल्या.

कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी आला. मवाळ बोलणारा, चष्मेवाला. त्याने आधी पाईप उपसला आणि टोकाची रबरी रिंग काढून पाहिली. "काका, गादी चांगली होती. ही रिंग सरकली होती, हवा इथून निघून शिवणीकडे जायची. पाच मिनिटांचं काम होतं." मग त्याने पॅच पाहिले आणि पिशवी बंद केली. "आता माझ्या हातात काही नाही." कागदावर चार ओळी लिहून, सही घेऊन तो गेला. मास्तर थोबाडीत बसल्यासारखे उभे राहिले. आधी व्हॉल्व्ह बघावा, मग ट्यूबला हात घालावा, हे त्यांनी किती जणांना दरडावून शिकवलं होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मास्तरांनी तो बाईंच्या उशाशी धरला. ते तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं गं. उशीला टाका घालत होते, सुई लागली."

आईच्या उजव्या हातात चमचासुद्धा राहत नाही, हे मुलीला ठाऊक होतं. "बाबा," तिने विचारलं, "खरंच सुई लागली?"

"हो गं. सुईच."

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला. ती भांडली असती तर मास्तरांना सोसलं असतं. स्वतःची त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात नर्सने पट्टी सोडली. जखम उघडली होती आणि खोल गेली होती. "गादी कुठाय?" तिने विचारलं.

"सुई लागली," बाई म्हणाल्या.

"सुई नाही," मास्तर म्हणाले. "मी घासली. चांगली गादी मी घासली."

नर्सला त्यातलं काय कळणार. तिने कापूस मागितला आणि बाईंना कुशीवर धरून ठेवायला सांगितलं. मास्तरांनी धरलं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या चांगल्या हाताची बोटं मास्तरांच्या मनगटात रुतत चालली होती.