घाडीकाकांचा कान

माझी धाकटी बहीण मालन मुंबईला दिली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आधी परळची चाळ, मग गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या सेक्टरातली खोली. मी गावाकडे नदीकाठच्या मळ्यात कलिंगडं पिकवतो. उन्हाळ्यात तोड झाली की आठ-पंधरा दिवस बहिणीकडे जातो. कलिंगडाचं ओझं एसटीतून कोण नेणार? म्हणून रिकाम्या हाताने जातो आणि भावोजींची कीर्ती ऐकून येतो.

भावोजी म्हणजे चंद्रप्रकाश घाडी. सोसायटीत त्यांना घाडीकाका म्हणतात. त्यांनी कानाला लावल्याशिवाय त्या तीन इमारतींत कोणी कलिंगड कापत नसे. खरबूज नाकाने निवडता येतं, देठापाशी हुंगलं की झालं. आमच्याकडचा चिबूड तर पिकला की आपला आपण फुटतो, त्याला जाणकार लागतच नाही. पण कलिंगड घुमं असतं. आणि जे बोलत नाही, त्याच्या वतीने बोलणारा माणूस लगेच मोठा होतो.

संध्याकाळी सहा वाजता शिवदासच्या हातगाडीकडे त्यांची स्वारी निघे. पुढे भावोजी, इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे. त्यांच्या मागे सोसायटीची चार-पाच माणसं. सगळ्यांच्या शेवटी मालन, कापडी पिशव्या सांभाळत. भावोजी कलिंगड उचलत, कानाशी धरत, डोळे मिटून बोटाच्या पेराने दोनदा वाजवत. मग डोळे उघडून दूर कुठेतरी बघत.

"काका बघा कसे आत शिरतात फळाच्या," असं सोसायटीची सेक्रेटरी दिपाली दरवेळी म्हणायची.

ते फळात वगैरे काही शिरत नव्हते. ते मालनच्या ओठांकडे बघत होते.

वीस वर्षं ते गिरणीच्या साचेखात्यात होते. शेकडो मागांच्या खडखडाटात कान गेले, आणि तिथल्या सगळ्यांसारखी ओठ वाचायची विद्या आली. नवरा-बायको घरातही पुष्कळदा तशीच बोलत, आवाज न करता. आणि मालनला कलिंगड कळायचं, कारण ती आमच्या बापाच्या मळ्यात वाढली होती. जमिनीला टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळा हवा, देठाजवळचा वेलीचा पिळदार तणावा वाळलेला हवा, साल चकाकणारी नको. ती दहा हातांवरून ओळखायची. तिचे ओठ 'घ्या' म्हणत किंवा 'ठेवा' म्हणत. मान मात्र सोसायटी भावोजींना देई, आणि पिशव्या मालनला.

मुलीने कानातलं यंत्र आणून दिलं होतं. ते कपाटात पडून होतं. भावोजी म्हणत, "ज्याच्या कानावर अख्खा सेक्टर कलिंगड खातो, त्याने यंत्र लावायचं?"

या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या सुयोगने गोडी मोजायचं मीटर आणलं. काचेवर रसाचा थेंब टाकला की आकडा येई. जीभ गोड झाली तरी आकडा बघितल्याशिवाय तो 'गोड आहे' असं म्हणत नसे. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'एक मे. झेंडावंदनानंतर. काका विरुद्ध मीटर. पाच कलिंगडं, काकांनी सगळ्यात गोड निवडायचं. काका कानाने ओळखतात ना? मग डोळ्यांवर पट्टी!' खाली साठ अंगठे उमटले.

एक मेच्या सकाळी भावोजी दाढी अर्धी ठेवून आरशापुढे बसून राहिले.

"नाही म्हणून सांगा की," मालन म्हणाली.

"गिरणी बंद केली तेव्हा मला कोणी विचारलं होतं? पोरांची लग्नं ठरली तेव्हा? या एका गोष्टीत लोक मला विचारतात, मालन. ती गेली तर मी कोण?"

"अहो, पण पट्टी बांधल्यावर मी काय करू?"

भावोजींनी उरलेली दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला.

कंपाउंडात कॅरमच्या टेबलावर पाच कलिंगडं मांडलेली. सुयोगने स्वतःच्या हाताने पट्टी बांधली. भावोजी एकेका कलिंगडापाशी थांबले. कानाशी धरलं, वाजवलं, मान हलवली. अगदी एखादा मोठा गवई तंबोरा लावतोय असा डौल. मी मालनकडे बघितलं. तिने पदर तोंडात धरला होता.

भावोजी तिसऱ्यापाशी थबकले. दोन्ही हात त्यावर ठेवले.

"हे!"

तिसऱ्याचा डाग भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा होता. मालनच्या तोंडातला पदर सुटला. "तिसरं नको! कच्चं आहे ते! पाचवं घ्या, पाचवं!"

सगळ्या गॅलऱ्यांपर्यंत ऐकू गेलं. फक्त ज्याच्यासाठी होतं त्याला नाही.

"हेच," भावोजी खणखणीत आवाजात म्हणाले. "घंटेसारखं वाजतंय. अशी शांतता ठेवलीत म्हणून ऐकू आलं."

"अहो, पाचवं!" मालन ओरडली.

"कोणाला शंका असेल तर पुढे या!"

आधी एक जण हसला, मग सगळे. सुयोगने पट्टी सोडली तेव्हा भावोजीसुद्धा सगळ्यांबरोबर हसत होते, कशाला ते माहीत नसताना. मग त्यांनी मालनचे ओठ बघितले आणि त्यांचं हसू विझलं.

तिसरं आतून पेरूसारखं पांढरं निघालं. पाचवं लालबुंद होतं. पाचव्याचा चढा आकडा खरा वाटेना म्हणून सुयोग मीटर झटकायला लागला.

त्यानंतर भावोजी खाली उतरले नाहीत. लोक मालनला बोलवायला यायचे. "मी एकटी नाही येणार," एवढंच ती सांगायची. सोसायटीने आठ दिवस मीटरवर काढले. पण मीटर बोलतं ते कलिंगड कापल्यावर. आपण किती फसलो, ते दशांशापर्यंत कळायचं इतकंच. शिवदास मात्र खूश होता. त्याचा न खपणारा माल या यंत्रयुगात झकास खपला.

शेवटी दिपाली आणि सुयोग दोघं दारात आले. "काका, चला ना यार," सुयोग मोठ्याने म्हणाला. "तुम्ही वाजवा, काकी बघतील. तुमच्याशिवाय मजा नाही."

भावोजी त्याचे ओठ नीट बघत होते. मग मालनकडे हात करून, माझ्यादेखत, पहिल्यांदाच उघडपणे म्हणाले, "तिला न्या. तिलाच कळतं. मला कधीच कळत नव्हतं."

मालनने कोपऱ्यातल्या पिशव्या उचलल्या आणि त्यांच्या हातात दिल्या.

त्या संध्याकाळी पुढे मालन, मागे सोसायटी आणि सगळ्यांच्या शेवटी पिशव्या घेऊन भावोजी. मालनने कानाला काही लावलं नाही की डोळे मिटले नाहीत. सात घरांची कलिंगडं तिने सात मिनिटांत काढून दिली. लोकांची जराशी निराशाच झाली. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं मान कशाला तुकवली, असं काहींच्या तोंडावर होतं.

मग ती भावोजींना म्हणाली, "आपल्या घरचं तुम्ही घ्या."

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. पुष्कळ वेळ लावला, वाजवलं, आणि एक उचललं. मी डाग बघितला आणि तोंड मिटून घेतलं.

घरी ते कापलं. फिक्कं होतं. मालनने बशीत थोडी साखर काढली, फोड साखरेत बुडवून भावोजींपुढे धरली आणि दुसरी स्वतः तोंडात घातली. मलाही तसंच खावं लागलं.