पावण्यांची खुर्ची

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, कारण त्याच्याशिवाय कांबळे सरांची गोष्ट सुरूच होत नाही. मी पस्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या तासाला पहिल्याच दिवशी उशिरा पोचले. दारात घुटमळत होते. फळ्याजवळचा तरुण माणूस वळून म्हणाला, "या पावणं, बसा," आणि त्यानं टेबलाशेजारच्या स्वतःच्या लाकडी खुर्चीकडे हात केला. मला वाटलं, काय चांगल्या वळणाचा माणूस, वयाचा मान ठेवला. मी ऐटीत बसले, पदर सावरला, पर्स टेबलावर ठेवली आणि वर विचारलं, "जरा पाणी मिळेल का?" त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून दिलं. सगळा वर्ग हसत होता. पोरं आनंदी दिसतात, असं वाटून मीही हसले. पाणी संपत आलं तेव्हा त्यानं एक कागद पुढे केला, सायक्लोस्टाइलचा, शाईचा वास येणारा. वर लिहिलं होतं, 'या वर्गाच्या अपेक्षा व नियम'. पहिलाच नियम असा: 'उशिरा येणारास पाहुणा समजले जाईल. त्यास पुढे खुर्ची व पाणी मिळेल. तीन वेळा पाहुणा झालेल्यास सहामाही परीक्षेस बसता येणार नाही.' पेला अजून माझ्या हातातच होता...

त्या वर्गातला संजय, ज्याचं आता शिरोली एमआयडीसीत स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, त्याचा दीड महिन्यापूर्वी सकाळी फोन आला. "मावशी, बसून घ्या आदी," म्हणाला. मी म्हटलं, "बसलीय, बोल." मग म्हणाला, "सर गेलं वो." सर माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वेळेच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस, पण इथं रांग मोडून पुढे गेला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. बारावीनंतर लग्न झालं आणि माझं शिक्षण थांबलं, ते सोळा-सतरा वर्षांनी पुन्हा सुरू करायचं मी डोक्यात घेतलं. मला शाळेत शिकवायचं होतं. सासूबाईंनी परवानगी दिली, पण एका अटीवर: "सहामाईत एक इषय जरी ऱ्हायला, तर कालेज बंद. मग परत नाव काढायचं न्हाय." बाकीच्या विषयांचं मला भय नव्हतं. गणिताचं होतं. कलन, म्हणजे कॅल्क्युलस, सुरू व्हायच्या आधी जे जे यायला हवं ते सगळं, फलं म्हणजे फंक्शन्स, आलेख, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, सर त्या पहिल्या सहामाहीत शिकवायचे. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका कागदावरच्या नियमांत अडकलेलं.

सर मूळचे कुरुंदवाडचे. त्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले तेच पहिले. बोलणं रांगडं, पण वर्गात कुणालाही अरे-तुरे नाही. फल म्हणजे काय, हे त्यांनी रसवंतीवरून शिकवलं. "ऊस घातला की रसच आला पायजे. त्योच ऊस घालून एकदा रस आन् एकदा पाणी याया लागलं, तर ते फल न्हवं, ती फसवणूक हाय." हे मी पुढे वीस वर्षं जसंच्या तसं वापरलं. कागदावरचा दुसरा नियम होता, चुकलेलं खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालची चूक वाचता आली पाहिजे. मला काही हे पटलं नव्हतं. मी घरी बसून अख्खी वही सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवली, समासाला लाल रेघा, कुठे डाग नाही. सरांनी चाळली आणि म्हणाले, "शिंदेबाई, वही लई देखणी हाय. पर ह्यात तुमी कुठं दिसत न्हाय." वही तपासायलाच नकार दिला. जुनी फाटकी वही मी रद्दीच्या गठ्ठ्यातून ओढून काढली.

उशिराची भीती मात्र सुटेना. आमच्या गल्लीत पाणी पावणेसातला यायचं आणि सातला जायचं. तास सातचा. घागरी भरून धावत सुटलं तरी पोचायला सव्वासात व्हायचे. बहुतेक दिवस शेजारीण पाणी भरून ठेवायची, एखाद्या दिवशी नाही. सप्टेंबरात मी दुसऱ्यांदा त्या खुर्चीवर बसले. या वेळी पाणी मागितलं नाही, तरी मिळालं. दुसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले. वाटलं, लहान भावासारखा आहे, चार गोड शब्दांनी विरघळेल. त्यांनी दोन लाडू खाल्ले, बेसन छान भाजल्याचं सांगितलं, नळाची सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाले, "सूट न्हाय मिळायची."

मी रडकुंडीला आले. म्हटलं, "सर, माझं कॉलेज सुटेल हो."

"एकट्या तुमाला सूट दिली, तर तुमी ह्या वर्गात कायमच पावणं ऱ्हाणार," ते म्हणाले. "ते चालंल तुमाला?"

मला तर चाललं असतं. तेव्हा मी तशीच होते. मनातल्या मनात दोन लाडवांचा हिशोब मागत घरी आले.

पुढच्या तासाला सर फळ्याकडे गेलेच नाहीत. टेबलाला टेकून उभे राहिले आणि विचारलं, "सातला पोचायला कुणाकुणाला अडचण हाय? खरं सांगा, लाजू नका." मी हात वर केला. एकटीच. मग शाहूवाडीकडून पहिल्या एसटीनं येणाऱ्या एका मुलीचा हात वर गेला, मग संजयचा... निम्मा वर्ग स्टँडवरून रोज ऊर फुटेस्तोवर पळत येत होता आणि कुणी बोललं नव्हतं. सर म्हणाले, "चूक माजी हाय. म्या इचारलंच न्हवतं." मग प्रत्येकाचा कागद मागून घेतला आणि 'सकाळी ७' यावर एकच रेघ मारून शेजारी पेनानं '७.२०' लिहिलं. खालचा सात स्वच्छ वाचता येत होता. बुडणारी वीस मिनिटं शनिवारी शेवटच्या तासानंतर भरून काढायची ठरली. पावण्यांचा नियम तसाच राहिला. त्या सहामाहीत मी तिसऱ्यांदा खुर्चीवर बसले नाही. गणितात त्रेचाळीस मार्क मिळाले. सासूबाईंना पास-नापास एवढंच कळत होतं, हे माझं नशीब.

पुढे मी शिक्षिका झाले आणि शाहूवाडीच्या एका शाळेत गणित शिकवलं. दरवर्षी जूनमध्ये वर्गाला एक कागद द्यायचे आणि तो देण्याआधी मुलांना विचारायचे, कोण कुठून येतं, कशानं येतं. हे विचारणं सरांचं. ते नसते, तर मी आज नातवंडांपुढे शिक्षिका आजी म्हणून मिरवू शकले नसते.

दोन हजारनंतर कधीतरी कॉलेजनं जुनं लाकूडसामान काढून टाकलं, तेव्हा ती खुर्ची सरांनी घरी आणली. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे फराळाला जायची. एसटीच्या कृपेनं हमखास उशीर व्हायचा आणि सर दारातूनच ओरडायचे, "सुमन, पावणं आलं. खुर्ची काढ." वहिनी हसत खुर्ची आणायच्या, पाण्याचा पेलाही. मी मुख्याध्यापिका झाले, केस पांढरे झाले, तरी सुटका नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, दिवशीही मला उशीरच झाला. गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत. बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीनं बसली होती, वंदना सुरू व्हायची होती. सवयीनं माझी नजर खुर्चीकडे गेली. खुर्ची भिंतीशी पुढे मांडली होती आणि तिच्यावर सरांचा हार घातलेला फोटो होता. शेजारी पाण्याचा पेला. मी दारातच थांबले, पहिल्या दिवशी थांबले होते तशी... सुमनवहिनींनी मला पाहिलं. सरकून आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाल्या,

"खुर्ची आज न्हाय मिळायची, बाई. या, हितं घरच्यांत बसा."