कचरूबांची हॅट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलं — पण खोटं सांगितलं. बायकोला आणि मित्राला एक, आणि ज्या माणसाचं नुकसान केलं त्याला दुसरंच. आता तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. तुम्ही माझ्या गावचे नाही, एवढं कारण पुरे धरा.

गोष्ट एका हॅटची आहे. हसा खुशाल. धावड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात, परटाच्या घरात हॅटचं काय काम? आम्ही परीट. बाप गावाचे कपडे धुवायचा, मी धुवायचो आणि इस्त्री करायचो. कोळशाची इस्त्री, मागच्या अंगणात कपडे उकळायची भट्टी, आणि सुगीला घरोघरचं धान्य, एवढा आमचा संसार. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा अठ्ठावीस-तीसचा असेन, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. तेव्हा पोरवयातली चूक म्हणून सोडून द्यावं, तशीही सोय नाही.

दादाराव माझ्याबरोबर चौथीपर्यंत एका फळीवर बसला. पुढे तो शिकत गेला आणि खडकीला कारखान्यात लागला, मी भट्टीवर बसलो. त्यांची सगळी वस्ती बौद्ध झालेली. त्याचे वडील कचरूबा — त्यांनी उभा जन्म गावकी केली होती. सांगावे पोचवायचे, साहेब लोकांची ओझी डोक्यावर वाहायची. पारापाशी कुणी थोर बसलेला असला की मुंडासं काढून हातात घ्यायचं आणि वाकून पुढं जायचं. मी पोर असताना हे रोज बघितलंय. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नव्हतं — हेही कबूल करून टाकतो, एकदा बसलोच आहे तर.

त्या वैशाखात दादाराव रजेवर आला तो बापासाठी हॅट घेऊन. पुण्याच्या जुन्या बाजारातली. काळपट करडी, नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेली. कितीतरी वर्षं दुकानात पडून असणार, कारण पत्र्यासारखी ताठ झाली होती. कचरूबांच्या कपाळावर, केसांच्या कडेला, ओझी वाहून वाहून एक टेंगूळ आलं होतं. हॅटची कड नेमकी तिथं रुतायची. बुद्धपौर्णिमेला भोकरदनला जायचं, तिथं स्टुडिओत फोटो काढायचा, असं ठरलेलं. आठ दिवस हातात होते. दादाराव म्हणाला, सुदामला दाखवू, त्याला वाफेतलं कळतं.

कचरूबा स्वतः आले. आमच्या कुडाबाहेर उभे राहिले. आत या म्हणालो, तरी आले नाहीत. मी त्यांच्या डोक्याचं माप सुतळीनं घेतलं. टेंगळापाशी सुतळी सैल धरली आणि गाठ मारली. जाताना ते जे बोलले ते मला शब्दाला शब्द पाठ आहे.

“सुदामा, घट्ट बसीव बरं का. आता कोणी काई म्हणत न्हाई, पर पारापाशी आलं की ह्यो हात आपसूक वर जातो बघ. अजून जातो. वर गेला तरी हॅट निघाली न्हाई पायजे.”

आणि हसले. त्यांना दात थोडेच राहिले होते.

आता बघा, आमच्या घरात त्यांचे कपडे धुवायची रीत नव्हती. बापानं मला विचारलंच, “त्यांचं कापड घरात घेतलं का रं?” मी म्हणालो, “कापड न्हाई, हॅट हाये.” या उत्तरावर मी दोन दिवस खूश होतो. काय सुधारलेला माणूस! — आणि हा सुधारलेला माणूस काम करायला बसला कुठं? मागच्या अंगणात, कुडाच्या आड. रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून.

काम मात्र जीव लावून केलं. एवढं तरी म्हणू द्या. हॅटला आतून कसली तरी खळ दिलेली होती, घोंगडीला चिंचोक्याची देतात तशी. तपेल्यात पाणी उकळायचं, हॅट वाफेवर उलटी धरायची, बोटांना ऊन आणि ओली लागली की काढायची. जास्त वाफ लागली तर लोकर आटते, कमी लागली तर वाकत नाही. मग ती मडक्यावर ओढायची. सुतळी घेऊन मी कुंभारवाड्यात गेलो आणि त्या मापाचं मडकं शोधून आणलं. डोकं काही मडक्यासारखं गोल नसतं, म्हणून पुढं-मागं चिंध्या बांधून ते लांबट केलं. टेंगळाच्या जागी चिंधीची एक लहानशी गोळी ठेवली. सावलीत वाळवायचं, पुन्हा वाफ, पुन्हा मडकं. कडेच्या पाळीवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची, पुढची बाजू जराशी खाली. सहा दिवस गेले. सहाव्या दिवशी हॅट हातात घेतली तर पोळीसारखी मऊ, आणि सोडली की आपल्या आकारात. उभ्या जन्मात माझ्या हातून असं काम झालं नाही. त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

सातव्या दिवशी ती एवढीशी झाली. पाच वर्षांच्या लेकराला बसेल एवढी.

कचरूबांना मी सांगितलं, “माल खोटा निघाला बाबा. शेवटची वाफ दिली अन् आटली.” ही पहिली थाप. बायकोला सांगितलं की पाटलाच्या माणसानं दम दिला होता, म्हणून मुद्दाम बिघडवावी लागली. ही दुसरी. आणि दादाराव — त्याला ही दुसरीच थाप मी कितीतरी वर्षांनी सांगितली, कचरूबा गेल्यावर, भर टाकून. पाटलाच्या मुलानं बोलावून घेतलं, हॅट पारावरून गेली तर तुझं धान्य बंद, असं म्हणाला. दादारावानं माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “तू तरी काय करणार होता, गड्या.” त्यानंतर तो पाटलाच्या मुलाशी आयुष्यात एक शब्द बोलला नाही.

पाटलाचा मुलगा माझ्याकडे आलाच नव्हता. कुणीच आलं नव्हतं.

मग का? तेच तर सांगायचं आहे, आणि तिथंच जीभ अडते. इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा ती पाटलाची गोष्ट सांगत आलो — इतकी, की कधी कधी मला त्या दम देणाऱ्याचा आवाजही ऐकू यायचा. न आलेल्या माणसाचा आवाज! माणूस स्वतःला किती फसवू शकतो?

झालं ते असं. सातव्या दिवशी दुपारी हॅट घेऊन निघायच्या बेतात होतो. मागच्या अंगणात भट्टीवर गावचे कपडे उकळत होते. सोडा टाकलेला, रटरट आवाज. पुढच्या दाराशी कुणाची तरी चाहूल लागली म्हणून मी कुडाच्या फटीतून पाहिलं. पाटलाच्या घरचा गडी धुण्याचं गाठोडं घेऊन आला होता. पाटील नाही, पाटलाचा मुलगाही नाही — गडी. आणि माझा बाप उठला, डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली, वाकला आणि गाठोडं घेतलं. रोज घ्यायचा तसंच. गड्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझ्या हातात ती हॅट होती.

उद्या कचरूबा ही घालून पारावरून जाणार. हात वर गेला तरी निघणार नाही — मीच तशी बसवली होती. आणि माझा बाप? माझ्या बापाची टोपी तर कुणी काढायला लावतही नव्हतं, तो आपली आपण काढत होता. ज्या माणसाचे कपडे आम्ही हातात धरत नव्हतो, त्याचं डोकं झाकलेलं राहणार आणि माझ्या बापाचं उघडं? असं मनात आलं. शब्दांत नाही आलं, पण आलं ते हेच. बाकीचं सगळं मी नंतर रचलं.

मी हॅट भट्टीत टाकली.

हातातून निसटली नाही. लोकर उकळली तर काय होतं, हे मला चांगलं माहीत होतं. आदल्या वर्षी शाळेतल्या मास्तरांचा स्वेटर चुकून भट्टीत गेल्ता, तर त्यांच्या धाकट्याला बराबर बसेल एवढा होऊन निघाला होता. माहीत होतं म्हणून टाकली. आणि टाकून पळालो नाही, लाकूड घेऊन ढवळली. वर आली की खाली दाबली. किती वेळ? तुम्ही एक बिडी ओढाल तेवढा. एवढ्या वेळात माणसाला थांबता येत नाही का? मला आलं असतं. मी थांबलो नाही.

बाहेर काढली तेव्हा तिच्यात टेंगळासाठी ठेवलेली जागाही शोधून सापडेना.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच गेलो, एकाच गावात तीस वर्षं राहून. कचरूबांनी हॅट हातात घेऊन उलटीपालटी केली, डोक्यावर टेकवून बघितली, ती नुसती वर बसली. माझा चेहरा पडलेला पाहून तेच मला म्हणाले, “असू दे, सुदामा. तुव्हा काय दोष? आमचं डोस्कंच मोठं हाये.” आणि सुनेला म्हणाले, पोराला चहा टाक. मी तो चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाराजवळच होतो. मुद्दाम गेलो होतो. काय बघायला, ते आज सांगता येत नाही. कचरूबा नवं धोतर, पांढरा सदरा घालून मुलाबरोबर एसटीकडे निघाले होते. डोक्यावर काही नव्हतं. मुंडासं घालायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि हॅट बसत नव्हती. ती त्यांनी हातात धरली होती. पाटलाचा मुलगा पारावर बसला होता. तो काही फार भला माणूस नव्हता, उगीच त्याचे गोडवे गाणार नाही. पण त्या दिवशी तो मोठ्यानं म्हणाला, “कचरूबा, हातात काहून धरली? घाला की डोक्यावर!”

कचरूबांचा हात वर गेला. कपाळापर्यंत. तिथं काढायला काही नव्हतं. हात तसाच क्षणभर राहिला आणि खाली आला. ते थोडे वाकले आणि पुढं गेले.

दोन हिवाळ्यांनंतर ते वारले.

फोटो आहे. दादारावाच्या घरात समोरच्या भिंतीवर, हार घातलेला. कचरूबा खुर्चीवर बसलेत, डोकं उघडं, कपाळावरचं टेंगूळ स्पष्ट दिसतंय, आणि दोन्ही हातांनी हॅट छातीशी धरली आहे. कुणी मोठा माणूस समोर उभा असावा, तशी. मी दरवर्षी पौर्णिमेला तिथं जातो. मला मानानं बसवतात. त्या घरात माझी खुर्ची ठरलेली आहे, फोटोच्या बरोबर समोर.

गेल्या खेपेला दादारावाची नात कुणा पाहुण्यांना फोटो दाखवत होती. म्हणाली, “आमच्या पणजोबांना हॅट होती, पण फोटोसाठी त्यांनी ती काढून हातात घेतली. इतके नम्र होते ते.” पाहुणे वा म्हणाले. दादारावानं माझ्याकडे बघून मान हलवली. त्याला वाटतं, खरं काय ते आम्हा दोघांना ठाऊक आहे. मी बशीत चहा ओतला.

ते नम्र नव्हते. त्यांना एकदा, एका फोटोपुरतं, डोकं झाकून बसायचं होतं. ती हॅट मी उकळली.