न वाढणाऱ्या बांगड्या

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

मध्य भारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. इंदुरात, सियागंजच्या मागे, प्लास्टिकच्या बांगड्यांच्या कारखान्यात मी माल मिसळायचो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो होतो, त्याची घमेंड होती. अ‍ॅसिटेटचं प्लास्टिक सुरक्षित, पण निस्तेज. सेल्युलॉइडला चमक भारी — आणि ठिणगी लागली की भडका. "भिया, चमक आनी चाहिए, बस," मालक म्हणाले. मग सेल्युलॉइडचे जुने कंगवे विरघळवून मी अ‍ॅसिटेटमध्ये मळले. वरून एकजीव दिसायचं. बांगडी मोडली की आत दोन्हींचे पापुद्रे वेगळे सुटायचे. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

व्यापारी माल घेण्याआधी एक तुकडा काडीने पेटवून पाहत. तो तुकडा मी निव्वळ अ‍ॅसिटेटचा ठेवायचो. शहाण्यासारखा हळूहळू जळायचा.

त्यातल्याच काही बांगड्या घरी नेल्या. का? मिरवायला, दुसरं काय! वहिनींच्या काचेच्या बांगड्या भांडी घासताना सारख्या वाढायच्या — फुटल्या म्हणायचं नाही आमच्यात — आणि आई दर वेळी तोंड वाकडं करायची. वहिनी हरखल्या. "भावजी, ह्या तर वाढणारच नाहीत! आणि वास काय बढिया, देवघरासारखा."

कापराचा वास. सेल्युलॉइडात कापूर असतो. मी ओळखला — आणि हसलो. पुढे रोज जेवताना शेगडीपाशी तो वास यायचा. तरी "काढा" म्हणालो नाही. म्हणालो असतो, तर का ते सांगावं लागलं असतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वहिनी तिळगुळाचा पाक ढवळत होत्या. मी समोर पाटावर. निखारा तडकला — आणि मनगटापासून कोपरापर्यंत जाळ. पाणी मीच ओतलं. सगळे धावत आले, तेव्हा कुणी विचारायच्या आत मीच बोललो — पदर पेटला.

हात वाचला, बोटं कायमची आखडली. आई वेंधळी म्हणाली, दादाही तेच म्हणाला. उरलेल्या बांगड्या मी गुपचूप खान नदीत टाकल्या.

पुढे आयुष्यभर शेगडीजवळ जाताना वहिनी चांगल्या हाताने कमरेचा पदर चाचपून पाहत. सुनांना बजावत, माझ्यासारखं करू नका गं. आपलीच चूक समजत त्या गेल्या.

पदर खोचलेला होता. मी समोरच बसलो होतो.