दारापाशीची जागा

सकाळी चुलतभावाचा, श्रीकांतचा, फोन आला. "अप्पा गेले." मी "बरं" म्हटलं आणि उतू जाणारा चहा आधी उतरवला. अप्पा म्हणजे माझे थोरले काका. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणून महिनाभर थांबले, पण चांगलं काही सुचेना... तेव्हा खरं तेच लिहिते.

अप्पा मुंबईत सरकारी कचेरीत होते. नव्वदनंतर त्यांनी वसईत फ्लॅट घेतला आणि संध्याकाळी हॉलमध्ये स्कॉलरशिपच्या परीक्षेची फुकट शिकवणी सुरू केली. 'फुकट' हे ते प्रत्येक पालकाला स्वतः ऐकवत. बुद्धी रक्तातून येते, आणि कोणत्या समाजाच्या रक्तात ती किती हे आपल्याला आडनावावरूनच कळतं, असा त्यांचा सिद्धान्त. सतरंजीवर मुलंही त्याच हिशेबाने बसत. आमच्यासारखी आडनावं फळ्यासमोर, वाडीवाली मधे, मिठागरावरची दारापाशी. आता माझी आई मिठागरावरची. बाबांचं हे लग्न अप्पांना कधी पचलं नाही आणि मला कुठे बसवावं हा पेच पडला. अखेर आडनावामुळे मी पुढे बसले. माझं गणित बरोबर आलं की ते म्हणत "आमचं रक्त", चुकलं की "आजोळ". असल्या सिद्धान्ताला खोटं पाडायची कोणाची टाप होती?

माझी मामेबहीण संगीता दारापाशी बसे. एकदा ती जागा बदलून मागायला गेली, तर अप्पा म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." पुढे मी गोवराने घरी होते तेव्हा ती माझ्या जागेवर बसली आणि तिची सगळी गणितं बरोबर आली. शेजारणीचं बघून लिहिलं असेल, असा अप्पांनी निकाल दिला. मी बरी होऊन गेले, ती पुन्हा दारापाशी गेली, पुन्हा चुका सुरू झाल्या आणि अप्पांची कळी खुलली. एवढ्यावर थांबते तर... त्यांनी मामाला बोलावून सांगितलं की पोरीच्या रक्तातच नाही, उगाच शिकवू नकोस. आई मामाशी खूप भांडली. मामा म्हणाला, "एवढा शिकलेला मानूस. त्याला कळनार नाय तर कोनाला?" सातवीनंतर संगीताची शाळा सुटली. आज ती वालीवच्या एका कारखान्यात खोकी भरते. अप्पांचा मला आजही संताप येतो, मेले तरी.

परवा भेटायला गेले. हॉल तसाच होता. भिंतीवर तोच फळा, त्याच्या अलीकडे काकूंच्या माहेरचं शिसवी कपाट, अप्पांच्या पुस्तकांनी गच्च भरलेलं. अप्पांची नजर किती पारखी होती, यावर पाहुण्यांचं एकमत चाललं होतं. श्रीकांत म्हणाला, पुढे येऊन बस. मी दारापाशी, संगीताच्या जागेवर बसले आणि सवयीने फळ्याकडे पाहिलं... कपाटाआडून त्याची फक्त एक कड दिसत होती.

"हे कपाट मधे कधी हलवलं होतं का रे?" मी विचारलं.

"नाही गं," श्रीकांत म्हणाला, "पहिल्यापासून इथेच आहे."