चष्म्याचा नंबर

मोगऱ्याचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. भुईगावच्या वाडीत आई पहाटे कळ्या खुडायची. एकदा टोपलीत सगळ्या कच्च्या, हिरव्या कळ्या निघाल्या. बाबा भडकले, "डोले फुटले काय तुजे?" आईला शुगरच्या गोळ्या देणारा गल्लीतला डॉक्टर म्हणाला, "वय झालं, चष्मा बदला." दोन चष्मे झाले. मग घरातली पहिली पदवीधर मी, तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. साखरेने डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या गळत होत्या, चेतापेशी मेल्या होत्या. गेलेली नजर परत येणार नव्हती. आई पुटपुटली, "पन दुखत तर नव्हतं!" दुखत नाही, हेच त्या गल्लीतल्या डॉक्टरने सांगायला हवं होतं. आजही मी त्याच्या दवाखान्याच्या बाकावरच्या बायांना विचारते, "शुगर आहे? मग डोळ्याचा पडदा तपासला का?" तो आतून ओरडतो, "मॅडम, पुढे व्हा!" मी होत नाही.